व्हीएमएस फलकावरचा मजकूर कुणी बदलला, तर आधी काय तपासायचं आणि काय बंद करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. महामार्ग रुंदीकरणाच्या कामावर ट्रॉलीवरचे दोन व्हीएमएस फलक, म्हणजे मजकूर बदलता येणारे एलईडीचे सूचना फलक, उभे आहेत. एका पहाटे डायव्हर्जनच्या अलीकडच्या फलकावर ‘पुढे वळण, वेग कमी करा’ याच्या जागी रोमन लिपीतली अचकट थट्टा झळकत होती. ती जवळपास दोन तास तशीच राहिली आणि व्हिडिओ गावभर फिरला. ऑफिस म्हणतंय पासवर्ड बदला. क्लायंटचा इंजिनिअर म्हणतोय हे हॅकिंग आहे, तक्रार करा. नक्की काय झालं असेल, ते पुन्हा होऊ नये म्हणून कमी खर्चात काय करावं आणि तोवर फलक रात्री बंदच ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय.

मजकूर बदलला यापेक्षा तो दोन तास कुणाच्या लक्षात आला नाही, ही गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. अक्षरं २०० मीटरवरून वाचता येत असतील तर ड्रायव्हरच्या हातात नऊ सेकंद असतात. तेवढ्यात त्याने फलक वाचायचा, समजून घ्यायचा आणि वेग कमी करायला सुरुवात करायची. त्या नऊ सेकंदांत थट्टा वाचून तो हसला, तर पुढचं वळण त्याला बेसावध गाठतं. शिवाय रोज त्याच रस्त्याने जाणारा माणूस पुढच्या वेळी खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवत नाही, आणि गेलेला विश्वास पासवर्ड बदलून परत येत नाही. म्हणून काम दोन बाजूंनी करायचं: आत शिरायच्या वाटा बंद करायच्या, आणि तरीही कुणी शिरलाच तर ते पाच मिनिटांत कळेल अशी सोय करायची.

आता हे हॅकिंग होतं का? पुष्कळदा नसतं. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात जानेवारी २००९ मध्ये रस्त्याच्या कामावरच्या फलकांवर ‘पुढे झोंबी आहेत’ असा मजकूर झळकला आणि जगभर बातमी झाली. तेही असेच रस्त्याकडेला उभे केलेले फिरते फलक होते. तशा फलकाची कंट्रोलरची, म्हणजे फलक चालवणाऱ्या यंत्राची, पेटी उघडली की समोर कीपॅड असतो, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असला की काम पाच मिनिटांचं. दुसरा प्रकार २०१४ च्या मे महिन्याच्या शेवटी नॉर्थ कॅरोलायनात दिसला. तिथे महामार्गावरच्या कायमस्वरूपी फलकांवर एका हॅकरने आपलं टोपणनाव झळकवलं. पेटीला हात न लावता, नेटवर्कवरून. त्यानंतर जूनमध्ये अमेरिकेच्या आयसीएस-सर्ट या सरकारी यंत्रणेने दिलेला सल्ला आजही तसाच लागू आहे: फलक सार्वजनिक, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही गाठता येणाऱ्या आयपी पत्त्यावर ठेवू नका, खाजगी जाळ्यात (नेटवर्कमध्ये) किंवा व्हीपीएन या सांकेतिक, बंद वाटेमागे ठेवा, टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी सोय) आणि वेबपेज लागत नसतील तर बंद करा, मूळ पासवर्ड लगेच बदला. आपल्याकडे मुंबईत हाजी अलीच्या फलकावर गांजा ओढायला सांगणारं इंग्रजी वाक्य दिसल्याचा व्हिडिओ फिरला होता, तो अनेकांना आठवत असेल.

तुमच्याकडे यातलं काय घडलं हे फलकच सांगेल. पहिली खूण म्हणजे मजकुराची लिपी. आपल्याकडच्या बऱ्याच कंट्रोलरना देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या स्वतः नीट जुळवता येत नाहीत. म्हणून मराठी मजकूर ऑफिसात चित्र म्हणून तयार करून आत साठवलेला असतो आणि कीपॅडवरून फक्त रोमन टाइप होतं. थट्टा रोमनमध्ये, कंट्रोलरच्या साध्या ठोकळ्या फाँटमध्ये आणि मधोमध असेल, तर ती उभ्याउभ्या टाइप केलेली असण्याची शक्यता बरीच आहे. दुसरी खूण नोंदवहीत, म्हणजे कंट्रोलरच्या लॉगमध्ये. तिथे तो बदल ‘लोकल’ मोडमधून, म्हणजे पेटीपाशी उभं राहून झाला, की ‘सेंट्रल’मधून, म्हणजे दूरवरून, हे बहुधा लिहिलेलं असतं. तिसरी खूण म्हणजे तुमचा दुसरा फलक. त्याच मिनिटाला तिथेही काही बदललं असेल तर माणूस पेटीपाशी नव्हता, तो जाळ्यातून आला होता.

लॉग वाचताना घड्याळ आधी तपासा. कंट्रोलर पुष्कळदा जागतिक वेळेवर चालतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लॉगमध्ये आदल्या दिवशीचे २०:४० दिसले तर आपल्याकडे पहाटेचे २:१० वाजले होते. हे लक्षात न घेता लोक रात्री पावणेनऊला कामावर असलेल्या पोरांवर संशय घेतात आणि नाहक कुणाची तरी नोकरी जाते.

यापुढचं थोडं तुमच्या यंत्रावर अवलंबून आहे. तुमचा फलक खरा व्हीएमएस कंट्रोलर असलेला आहे, की दुकानाच्या पाटीचा एलईडी कंट्रोलर बसवून कुणी ट्रॉली जोडून दिलीय? दुसरा प्रकार असेल तर त्याचं वायफाय बहुधा सतत चालू असतं, नावात मॉडेल लिहिलेलं असतं आणि त्याचं मोबाइल ॲप कुणालाही मोफत मिळतं. असा कंट्रोलर महामार्गावर वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तोच वापरणं भाग असेल तर वायफाय मॉड्यूल काढून टाका आणि मजकूर केबलनेच भरा.

खऱ्या कंट्रोलरच्या बाबतीत सुरुवात कुलपापासून करा, पासवर्डपासून नाही. पासवर्ड विसरला तर यंत्र मूळ स्थितीत नेण्याची काहीतरी सोय बहुतेक कंट्रोलरमध्ये असते. ज्याच्या हाती उघडी पेटी लागली त्याच्यापुढे पासवर्ड फार वेळ टिकत नाही, म्हणून पेटी बंद राहणं पहिलं. पेटीला कारखान्याचं जे छोटं कॅम लॉक येतं त्याच्या किल्लीवरचा नंबर बघा. दोन्ही ट्रॉलींच्या किल्ल्यांवर एकच नंबर असेल तर त्या कंपनीच्या सगळ्या पेट्या त्याच किल्लीने उघडतात असं धरून चाला. जुन्याचं भोक आणि कॅमची लांबी मोजून वेगवेगळ्या नंबरची लॉक बसवा. त्यावर बाहेरून कोयंडा आणि ६० मिलिमीटरचं, कडी झाकलेलं कुलूप लावा. कडी उघडी राहिली की बोल्ट कटरचं तोंड आत जातं आणि मग कुलूप किती जाड आहे याला अर्थ उरत नाही. कुलपात तेल घालू नका, कामावरची धूळ तेलात बसून चिखल होतो. ग्राफाइटची पूड घाला.

बिजागरीही बघा. पिना बाहेरून दिसत असतील तर कुलपाला हात न लावता दार उलट्या बाजूने निघतं. पिनांना वेल्डिंगचा एकेक टाका मारून घ्या. पण वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि कंट्रोलरचे सॉकेट सोडवा, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने एलईडी मॉड्यूलचे ड्रायव्हर उडतात आणि थट्टेपेक्षा दुरुस्ती महाग पडते.

दार उघडलं की कळण्यासाठी रीड स्विच, म्हणजे चुंबक दूर गेलं की सुटणारा छोटा स्विच, लावा. पत्र्याच्या दारासाठी वेगळा मिळतो, तोच घ्या. साध्या स्विचचं चुंबक लोखंडाजवळ कमजोर पडतं. जोडणी अशी करा की दार बंद असताना सर्किट पूर्ण असेल. मग कुणी वायर कापली तरी अलार्म वाजतो. उलट जोडलंत तर वायर कापणाऱ्याला मोकळं रान. शेजारून ट्रक गेला की ट्रॉली थरथरते आणि खोटे मेसेज येतात, म्हणून कंट्रोलरमध्ये तीन ते पाच सेकंदांचा विलंब ठेवा. हे केलं नाही तर आठवड्याभरात लोक त्या मेसेजकडे बघणंच सोडतात. कोयंडा, कुलूप, स्विच मिळून दोन ट्रॉलींचा खर्च काही हजारांत बसतो. नवा फलक घेण्यापेक्षा आधी हा करा.

यानंतर पासवर्ड. दोन ट्रॉलींना दोन वेगळे ठेवा. दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेला असेल तर आजच पुसा. ही सवय इतकी सर्रास आहे की कुठलीही पेटी उघडल्यावर सगळ्यात आधी मी दाराची आतली बाजू बघतो. वापरणाऱ्यांचे स्तर वेगळे करा: सुपरवायझरला तयार मजकुरांतून निवडता यावं, नवा मजकूर लिहायचा अधिकार फक्त एका माणसाकडे असावा. पोट-ठेकेदाराची टोळी बदलली की त्याच दिवशी पासवर्ड बदला. चुकीचे पाच प्रयत्न झाले की कीपॅड काही वेळ गोठेल अशी सोय असेल तर ती चालू करा, कारण कीपॅडवरचे पासवर्ड लहान असतात.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कीपॅडवरून मोकळा मजकूर टाइप करायची सोयच बंद करा. तुमच्या मराठी सूचना तशाही चित्ररूपात साठवलेल्या आहेत. कामाला लागणारे दहा-बारा मजकूर, जसं ‘पुढे वळण’, ‘डावी लेन बंद’, ‘काम चालू’, ‘वेग ४०’, ‘अपघात, सावकाश’, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लायब्ररीत भरून ठेवा आणि कंट्रोलरला फक्त त्यातूनच निवड करू द्या. यात तुमची काहीच सोय जात नाही. आत शिरलेल्याच्या हाती मात्र फार तर ‘डावी लेन बंद’च्या जागी ‘उजवी लेन बंद’ लावणं उरतं. हेही धोकादायक आहे, पण गंमत म्हणून करणाऱ्याला त्यात रस नसतो. व्हिडिओ करण्यासारखं काही राहिलं नाही की असे बरेच उद्योग आपोआप थांबतात.

आता जाळ्याची बाजू. ट्रॉलीतलं मोडेम साध्या दुकानातल्या सिमवर चालत असेल तर एम-टू-एम (यंत्रांसाठीचं) सिम घ्या, ज्याचा नंबर १३ अंकी असतो, आणि कंपनीकडून खाजगी एपीएन, म्हणजे फक्त तुमच्यासाठीची बंद डेटा वाट, मागा. मग फलक इंटरनेटवरून दिसत नाही, फक्त तुमच्या कंट्रोल रूमला दिसतो. सिम त्याच मोडेमच्या आयएमईआयला (यंत्राच्या ओळख क्रमांकाला) बांधून घ्या, म्हणजे ते दुसऱ्या यंत्रात चालत नाही. फुकटच्या डेटासाठी सिम काढून नेणारे मजकूर बदलणाऱ्यांपेक्षा खूप जास्त आहेत, आणि सिम गेलं की तुमचा डोळाच गेला. चांगले कंट्रोलर कंट्रोल रूमशी एनटीसीआयपी या वाहतूक यंत्रांसाठीच्या ठरावीक पद्धतीने बोलतात आणि त्याखाली एसएनएमपी या जाळ्यावरच्या यंत्रांना आज्ञा देण्याच्या पद्धतीची जुनी आवृत्ती असते. त्यातला ‘कम्युनिटी’ नावाचा परवलीचा शब्द जाळ्यातून उघडा, सांकेतिक न करता जातो. तो बदलाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. खाजगी एपीएन किंवा व्हीपीएन लागतं ते याच कारणासाठी. टेलनेट, वेबपेज, वायफाय आणि यूएसबी यांतलं जे रोज लागत नाही ते बंद ठेवा.

एवढं झाल्यावर लवकर कळण्याची सोय. कंट्रोल रूमच्या सॉफ्टवेअरने दर दोन मिनिटांनी फलकाला ‘आत्ता काय दाखवतोयस?’ असं विचारावं आणि उत्तर आपण पाठवलेल्या मजकुराशी ताडून बघावं. एनटीसीआयपीमध्ये प्रत्येक मजकुराला त्या मजकुरावरूनच काढलेला सीआरसी नावाचा एक आकडा असतो, तो जुळला नाही तर सरळ अलार्म. दिवसाला ७२० वेळा विचारलं आणि दरवेळी दोन केबी गेले तरी महिन्याला ४५ एमबीच्या आत काम भागतं, त्यामुळे डेटाचा खर्च हे कारण होऊ शकत नाही. हे सॉफ्टवेअर नसेल तर माणूस हवा: रात्रीच्या वॉचमनने दर फेरीला फलकाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. त्याला मजकूर वाचता येत नसेल तर मूळ मजकुराचा छापील फोटो त्याच्या खिशात द्या, तो जुळवून बघेल. फलक बिघडलेला दिसला तर कुणाला फोन करायचा, तो नंबरही त्याच कागदावर छापा.

फलकाच्या प्रकाशमापकाकडेही लक्ष ठेवा. वरच्या बाजूला एक छोटा सेन्सर असतो, तो उजेड बघून एलईडीची चमक कमी-जास्त करतो. त्यावर कुणी चिखल थापला किंवा चिकटपट्टी लावली की फलकाला भरदुपारी रात्र वाटते, चमक उतरते आणि उन्हात मजकूर दिसतच नाही. सॉफ्टवेअरला मजकूर बरोबर दिसतो, म्हणून अलार्मही वाजत नाही. हे फक्त फोटोत कळतं.

पुन्हा असं झालंच, तर क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी फ्लॅगमन (झेंडा दाखवून गाड्या सावकाश करणारा माणूस) डायव्हर्जनच्या अलीकडे उभा करा. फलक नंतर. मग घड्याळ दिसेल असा फलकाचा आणि पेटीचा फोटो घ्या, फलक कोरा करा आणि लॉग लॅपटॉपवर उतरवून घ्या. रीसेट शेवटी. बहुतेक ठिकाणी घाबरून आधी रीसेट करतात, त्यात लॉग पुसला जातो आणि मग कुणी काय केलं हे कधीच कळत नाही. आत शिरलेल्याने पासवर्ड बदलून ठेवला असेल तर कीपॅडशी झटापट करत बसू नका. एलईडीचा पुरवठा तोडा, कंट्रोलर चालू ठेवा आणि पुरवठादाराला बोलवा.

फलक कोरा करून परत आपला मजकूर लावला म्हणजे सगळं संपलं, असंही समजू नका. कंट्रोलरमध्ये ‘अमुक झालं तर हे दाखव’ अशा जागा असतात: थोडा वेळ वीज गेल्यावर, जास्त वेळ गेल्यावर, संपर्क तुटल्यावर, रीसेट झाल्यावर आणि मजकुराची मुदत संपल्यावर. या पाचही जागा आणि वेळापत्रक उघडून बघा. यातल्या एखाद्या जागी थट्टा राहून गेली तर आठ दिवसांनी ढगाळ हवेत सोलरची बॅटरी उतरते, फलक बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि तेच वाक्य परत झळकतं. लोकांना वाटतं पुन्हा कुणी शिरलं; प्रत्यक्षात ते पहिल्या दिवशीचंच असतं. या पाचही जागी ‘काम चालू, सावकाश’ असा कुठेही चालणारा मजकूर किंवा कोरा पडदा भरून ठेवा.

तक्रारीबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ नुसार वाहतूक चिन्हात मुद्दाम फेरफार करायला मनाई आहे. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चं कलम ८ब लागू शकतं. महामार्ग प्रवासाला कमी सुरक्षित करणारी कृतीही त्यात येते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. कंट्रोलरमध्ये विनापरवानगी शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिरकाव जाळ्यातून झाला असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. ही जबाबदारी तुमच्या कंपनीची की क्लायंटची, हे करारात बघा आणि दोघांनीही लेखी कळवा. लॉग पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आणि फाइलचा हॅश (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लागतो, तो लॉग उतरवतानाच काढून ठेवा.

पकडलं गेलेलं पोर शेजारच्या वाडीतलं पंधरा-सोळा वर्षांचं निघालं तर मात्र थोडा विचार करा. तक्रार नोंदवणं योग्यच आहे, कारण उद्या अपघात झाला तर तुमच्याकडे कागद हवा. पण ते नोंदवताना तुमची पेटी उघडी होती हेही खरं लिहा. उघड्या पेटीची गोष्ट लपवून ‘सायबर हल्ला’ लिहिलंत तर एका पोराच्या आयुष्याशी खेळ होतो आणि तुमची पेटी उघडीच राहते.

शेवटचा प्रश्न, फलक रात्री बंद ठेवावा का. नको. डायव्हर्जनला त्याची गरज रात्रीच जास्त असते. मात्र डायव्हर्जन त्या फलकाच्या भरवशावर उभं असेल तर ती चूक आधी सुधारा. आयआरसी एसपी ५५ या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेसाठी पूर्वसूचनेचे फलक, शंकू, बॅरिकेड, दिवे यांची जी मांडणी दिलीय ती व्हीएमएस नाहीच असं धरून पूर्ण करा. रात्री साडेअकरा-बाराला व्हीएमएस कोरा करून स्वतः गाडीने त्या वळणावर या, डिपर देऊन बघा. परावर्तक फलकांवरूनच वळण वेळेत कळलं पाहिजे. कळलं नाही तर आधी परावर्तक फलक मागवा, पासवर्डचं काम दुसऱ्या दिवशी केलं तरी चालेल.